फॉर्मवर आजार लिहायचा का?

बारावीचा निकाल जवळ आला की कोल्हापुरात माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांचा हा प्रश्न खुर्चीत टेकायच्या आधी येतो. "मॅडम, कॉलेजच्या फॉर्मवर आजार लिहायचा का ओ? लिहिला तर घेणार न्हाईत." थॅलेसेमिया, हिमोफिलिया, किडनी, कॅन्सर. आजार बदलतो, वाक्य तेच.

कागलकडच्या मायलेकींचं उदाहरण घेते (ओळखीचे तपशील बदललेत). मुलीला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी शहरात येऊन रक्त चढवायचं, त्यातून साठणारं लोह काढायला रोज गोळी. आईनं ठरवलेलं, घरी बसून बी.ए. मुलीला हवं बी.एस्सी. पहिल्या भेटींत बोलायची फक्त आई. मग एकदा तिला बाहेर बसवलं.

"वर्षात किती दिवस आजारी असतेस?"

"रोजच की."

"आज आहेस?"

ती अडखळली. "आज न्हाई. रक्ताच्या आधीचे तीन-चार दिवस जिना चढवत न्हाई. रक्त घेतलं की मी पळतो परत."

हिमोग्लोबिन उतरेल तसा थकवा चढतो, ते शरीराचं झालं. पण 'रोजच' हा घरात मुरलेला समज होता. आजारापेक्षा त्याच्याविषयीचा असा समज माणसाला जास्त बांधतो, असं मी मानते. तो उपदेशानं सुटत नाही, हिशेबानं सुटतो. कॅलेंडर पुढ्यात ठेवलं. तीन आठवड्यांत कॉलेजचे दिवस अठरा, रक्तासाठी एक, फार तर दोन. हजेरी साधारण ७५ टक्के लागते. दोन बुडाले तरी जवळपास ८९ उरते. आकडा तिनंच काढला आणि आईला आत बोलावून तिनंच सांगितला.

आई म्हणाली, "आणि प्रॅक्टिकल त्याच दिवशी आलं तर?"

इतके दिवस नुसती धास्ती होती, आता त्या धास्तीचा प्रश्न झाला. प्रश्नावर काहीतरी करता येतं. इथवर यायला वेळ लागतो. मी घाई करत नाही, आणि ते फळतं.

आता लिहायचं का? लिहायचंच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात येतात. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखीव, वयात ५ वर्षांची सूट. मात्र दिव्यांग प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के तरी हवं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पांढरं असेल तर ४० च्या खाली, पिवळं ४० ते ७९, निळं त्यावर. पांढरं कार्ड आलं की लोक ते कपाटात टाकतात. टाकू नका. त्यावर राखीव जागा नाही, पण वाजवी सोयी (बॅच बदलून घेणं, तळमजल्यावरचा वर्ग अशा) मागायला ४० ची अट नाही. लिहिताना खरोखर अडचण येत असेल तर लेखनिकासाठीही ती लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय.

कार्डाचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अकरावीतच भरा. तपासणीची तारीख, अपुरे कागद यांत महिने जातात आणि प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. राखीव जागेचा दावाही फॉर्म भरतानाच करायचा.

सगळ्यात जास्त घोळ डॉक्टरांच्या पत्रात होतो. "विश्रांतीची गरज आहे" एवढंच लिहून आणलं तर वाचणारा म्हणणार, मग घरीच राहू दे. पत्रात हवं ते असं: दर किती दिवसांनी उपचार, त्यासाठी किती दिवस गैरहजेरी, प्रॅक्टिकलची बॅच बदलून द्यावी, वर्ग शक्यतो तळमजल्यावर असावा, खाली तारीख, सही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की ते डॉक्टरांना दाखवा. रक्त दोन-चार दिवस अलीकडे घेता येईल का, हे त्यांनाच विचारायचं.

किडनी आणि कॅन्सर त्या यादीत नाहीत, त्यामुळे निव्वळ त्या निदानावर राखीव जागा मिळत नाही. उपचारांतून हाता-पायाला, डोळ्याला कायमचं अपंगत्व आलं असेल तर त्याची तपासणी वेगळी करून घ्या. डॉक्टरांचं पत्र मात्र या मुलांनीही द्यायचं, सत्र सुरू होण्याआधी, प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.