पुस्तक छपाईला गेले, मानधन मात्र अडकले

प्रश्न : मी नवोदित घोस्टरायटर, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने पुस्तक लिहून देणारा लेखक आहे. एका उद्योजकाचे आत्मचरित्र ठोक मानधनावर लिहून दिले. सगळे तोंडी ठरले होते. निम्मी रक्कम आधी मिळाली, उरलेली ‘लेखन पसंत पडल्यावर’ मिळणार होती. तीन-चारदा फेरलेखन करूनही ‘अजून मजा येत नाही’ एवढेच उत्तर येते. आता तेच हस्तलिखित छपाईला गेल्याचे कळले. पैसे कसे मिळवू? आणि पुढच्या वेळी दर व अटी कशा ठरवू?

उत्तर : ‘पसंत पडल्यावर’ या दोन शब्दांनी तुमचा घात केला. पण छपाईची बातमी तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. पसंत नसलेला मजकूर कोणी छापखान्यात धाडत नाही.

तोंडी करारही कायद्याने करारच असतो, प्रश्न पुराव्याचा असतो. आगाऊ रकमेची बँकेतली नोंद, मुलाखतींचे रेकॉर्डिंग, ईमेलने पाठवलेले मसुदे जपा. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मूळ चॅट आणि फोनही राहू द्या, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. ठरलेला आकडा सिद्ध झाला नाही, तरी समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाचा वाजवी मोबदला करार कायद्याच्या कलम ७० खाली मागता येतो. दाव्याची मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षे.

तुमचे खरे बळ मात्र कॉपीराइटमध्ये आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, तुम्ही त्यांचे नोकर नसाल तर मजकुराचे पहिले मालक तुम्हीच. आयुष्य त्यांचे, पण शब्द तुमचे. इंग्लंडमध्ये स्टीव्ह डॉनहू या घोड्यांच्या शर्यतीतल्या जॉकीच्या आठवणी एका पत्रकाराने लिहिल्या होत्या. १९३०च्या दशकात त्यावर खटला झाला आणि न्यायालयाने डॉनहूला कॉपीराइट नाकारला, कारण त्याने प्रसंग पुरवले होते, लेखन नव्हे. (त्यांचे बोलणे तुम्ही जसेच्या तसे उतरवून दिले असेल, तर हा मुद्दा लंगडा पडतो.) हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो आणि तो तुम्ही दिलेला नाही. ते ‘छापायची परवानगी गृहीतच होती’ असे म्हणतील. म्हणून लगेच वकिलामार्फत नोटीस द्या, की पूर्ण रक्कम मिळेपर्यंत प्रकाशनाला संमती नाही. प्रकाशकालाही प्रत पाठवा. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात, कारण वादातले पुस्तक प्रकाशकाला नको असते.

आता पुढचे. नवे लेखक पानामागे दर सांगतात आणि त्यांचा वेळ खातात त्या मुलाखती, टेपा उतरवणे आणि दुरुस्त्या. आधी एक प्रकरण स्वतंत्र मोबदल्यावर लिहा, सगळे तास मोजा आणि त्यावरून पुस्तकाचा आकडा काढा. घासाघीस झाली तर दर नव्हे, काम कमी करा. मुलाखती कमी, फेरलेखन एकदाच. ‘रॉयल्टीत वाटा देतो’ हे मानधनावर वरकड म्हणून घ्यावे, मानधनाऐवजी कधीच नाही.

करारात हप्ते टप्प्यांना बांधा : सहीच्या वेळी, आराखड्यावर, पहिल्या मसुद्यावर, अंतिम प्रतीवर. दोन वाक्ये जशीच्या तशी घाला. ‘मसुदा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो मंजूर समजला जाईल.’ ‘शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच कॉपीराइट हस्तांतरित होईल.’ हस्तांतराची मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल, तर कायदा पाच वर्षे आणि भारत एवढेच धरतो. ग्राहकाला कायमचे, जगभरचे हक्क हवे असतात. त्याची किंमत वेगळी लावा.

भाषणे लिहून देत असाल तर रक्कम आधीच घ्या. जाहीर भाषणाचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा असतो, तिथे कॉपीराइटचे हत्यार चालत नाही.

आणि नवे काम हाती घेण्याआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते.