कार्बाइडचे कोपरे का उडतात?

प्रश्न : काका, पूर्व भागात आमचे चार माग आहेत. त्यांच्या लिव्हर घरीच बनवाव्यात म्हणून मागच्या खोलीत जुनं, हाताने चालवायचं मिलिंग मशीन बसवलं. ईएन-८ च्या (मध्यम कार्बनच्या पोलादाच्या) पट्टीवर १० मिलिमीटरचा, चार दातांचा कार्बाइड (कठीण पण ठिसूळ धातुसंयुग) कटर लावला. वेग ८०० आरपीएम (मिनिटाला ८०० फेरे), फीड, म्हणजे जॉब पुढे सरकवणं, अगदी हळू, बाटलीने कूलंट (थंड करणारं द्रव). अर्ध्या तासात कटरच्या दातांचे दोन कोपरे उडाले. माल नकली होता का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुकानदाराला शिव्या देऊ नका. तुम्ही कार्बाइडला साध्या हायस्पीड स्टीलच्या कटरच्या संथ चालीने हाकलंत. ८०० वर या कटरची कड मिनिटाला जेमतेम २५ मीटर जाते. कोटिंगवाल्या कार्बाइडला ईएन-८ मध्ये १०० मीटर सहज झेपतात, म्हणजे ३२०० आरपीएम.

पण खरी गोम फीडची. हँडलचा एक फेरा सहा सेकंदांत, असंच ना? स्क्रूचा आटा २ मिलिमीटरचा धरला तर मिनिटाला २० मिलिमीटर, आणि एकेका दाताच्या वाट्याला सहा मायक्रॉन. एवढ्यात दात कापत नाही, नुसता घासतो. घासून तापला की वरून तुमच्या बाटलीचा गार शिडकावा, मग कार्बाइड तडकणारच! उमेदवारीत मीही हेच केलं होतं. एप्रिलचा महिना, पत्र्याची शेड, मधूनमधून कूलंटची पिचकारी. फोरमनने भिंग हातात दिलं, तर कडेला काटकोनात बारीक भेगा, थेट फणीच्या दातांसारख्या. तेव्हा कोरडंच चालवा, चिप (धातूचा कीस) हवेने उडवा.

आता ३२०० वर चार दातांपैकी प्रत्येकाला ०.०४ मिलिमीटर द्यायचे, तर मिनिटाला ५१२ मिलिमीटर. म्हणजे हँडलचे सेकंदाला चार फेरे. दळण आहे का ते! म्हणून दोन दातांचा कटर घ्या आणि २००० वर ठेवा. मग १६० मिलिमीटर पुरतात. तीन सेकंदांत चार फेरे, हात लय धरतो. बाजूने १, खोलीला ४ मिलिमीटर घ्या. कटर ड्रिल चकमध्ये नको, कोलेटमध्येच (कटरला चहूबाजूंनी घट्ट धरणाऱ्या नळीत). जुन्या स्क्रूला बॅकलॅश, म्हणजे आट्यातली ढिलाई, असणारच, तेव्हा जॉब दाताच्या उलट दिशेने सरकवा. सुलट गेलात तर कटर जॉब ओढून घेईल.

चिप पिवळट, निळसर पडली तर घाबरू नका, उष्णता तिच्यासोबत जातेय. चष्मा मात्र घाला आणि गळ्याचं बटण लावा. माझ्या बनियनमध्ये शिरलेल्या एका चिपेची खूण अजून आहे.

आणि तो कटर फेकू नका. टूल ग्राइंडिंगवाला टोक कापून पुन्हा धार लावून देतो.