दहावीतली मुलं तीव्र दिव्यांग वर्गमित्राशी खरी मैत्री करतात का?

करतात, पण आपोआप नाही. मी जळगाव जिल्ह्यात शिकवते. वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेली एक मुलगी व्हीलचेअरवर येते, तिचं बोलणं अस्पष्ट आहे. सुरुवातीला मुलं तिच्याशी न बोलता तिच्या आईलाच विचारायची, "तिला काय हवंय?" मनात वाईट काही नव्हतं. या वयात चारचौघांत चुकायची धास्तीच फार असते.

गाडी रुळावर आली ती मधल्या सुट्टीत. एकीने कळण्याच्या भाकरीचा घास पुढे केला, हिने मान फिरवली. ठेचा हवा होता! मग डोळे वर म्हणजे 'हो', मान बाजूला म्हणजे 'नाही', अशी खूण मुलींनीच ठरवली. (गिळायला त्रास होतो का, हे मात्र आधी घरी विचाराच.)

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क दिलाय. पण नुसतं शेजारी बसवून भागत नाही. आणि "हिला सांभाळ" म्हणून एकाच मुलीला कृपया नेमू नका, त्यातून सेवा होते, मैत्री नाही. गटाला एकच काम द्या, त्यात तिचा वाटा खरा ठेवा. आमच्याकडे पोळ्याच्या चित्रात बैलांच्या झुलीचे रंग तिनेच निवडले.