दोऱ्याची जाडी

पंचवटी, नाशिक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही काल सावकाश पाहिली. दहा रुपयांचे नाणे, पिठाचा डबा आणि परात या तिन्हींच्या परिघाला व्यासाने भागून तू प्रत्येक ओळीत ३.१४ हेच उत्तर लिहिले आहेस. घरी दोऱ्याने मोजणाऱ्याला इतके एकसारखे उत्तर सहसा मिळत नाही, म्हणून मी पान खिडकीपाशी तिरपे धरले. पेन्सिलीच्या उमटलेल्या वळांतून तुझे खोडलेले परीघ वाचता आले: नाणे ८.८ सेंटिमीटर, डबा ३४.९ आणि परात १७०.०. त्यांवरून गुणोत्तरे ३.२६, ३.१७ आणि ३.१५ येतात, ती पुस्तकाशी जुळेनात, म्हणून तू ती खोडलीस. रागावण्यासाठी हे लिहीत नाही, पण तुझे खरे काम त्या खोडलेल्या आकड्यांतच होते.

तिन्ही उत्तरे वरच्याच बाजूला चुकली आहेत, आणि वस्तू जितकी लहान तितकी चूक मोठी आहे. नुसता हात हलला असता, तर एखादे उत्तर कमीही आले असते. आता परातीच्या मापांतून नाण्याची मापे वजा कर. व्यास तू ५४.० आणि २.७ लिहिले आहेस, म्हणजे त्यांतील फरक ५१.३, परिघांतील फरक १६१.२, आणि भागाकार ३.१४२. प्रत्येक परिघात जे सारखेच जास्तीचे शिरले होते, ते वजाबाकीत निघून गेले.

हे जास्तीचे आले दोऱ्यातून. वहीला बांधलेला तुझा गोधडीचा दोरा मी पेन्सिलीवर लागून लागून दहा वेळा गुंडाळला, तेव्हा त्याने सुमारे १ सेंटिमीटर जागा घेतली. म्हणजे दोरा १ मिलिमीटर जाड आहे. त्याचा मध्य कडेपासून अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो, त्यामुळे तू खऱ्या व्यासापेक्षा १ मिलिमीटर मोठे वर्तुळ मोजत होतीस, आणि परीघ ३ मिलिमीटरांहून थोडा अधिक वाढत होता. नाण्याला जेवढी वाढ, तेवढीच परातीला. फक्त परातीत ती दिसत नाही.

हे मला कोणी वहीत शिकवले नाही. सातपूरला एका कारखान्यात उमेदवारी करताना मी ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे कडे वळवले होते आणि पट्टीची लांबी पिंपाच्या बाहेरच्या व्यासावरून काढली होती. जाडी मिळवायची राहिली. कडे पिंपावर चढवले, तर टोकांमध्ये बोटभर फट उरली. मोजली, ती ९ मिलिमीटरांच्या वर भरली. पट्टी वाया गेली आणि मिस्त्रींनी दुपारचा चहा बंद केला, तो भाग वेगळा.

परिघाला व्यासाने भागून येणाऱ्या संख्येसाठी, म्हणजे ‘पाय’साठी (π), २२/७ घ्यावे की ३.१४, याची काळजी तू उगीच करतेस. परातीच्या परिघात २२/७ मुळे खऱ्या परिघापेक्षा एक मिलिमीटरही फरक पडत नाही, आणि तुझ्या दोऱ्याला तो कळणारही नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे म्हणून. भास्कराचार्यांनी ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटले आणि २२/७ ला स्थूल, पण व्यवहाराला योग्य. कोणत्या कामाला किती बारकावा लागतो, हे ठरवण्याची ही रीत मला पाठ्यपुस्तकातील ‘पाय बरोबर २२/७’ या वाक्यापेक्षा फार प्रामाणिक वाटते.

आता जुने आकडे पुन्हा लिही. खोडू नकोस, चुकले तर एक रेघ मार आणि शेजारी कारण लिही. मग गोदाकाठच्या सपाट रस्त्यावर सायकल ने, टायरवर खडूची खूण कर आणि पुढचे चाक दहा फेऱ्या सरळ चालवून अंतराला दहाने भाग, म्हणजे टेप धरण्यातली चूकही दहाने भागली जाईल. हे एकदा सायकल हाताने ढकलत कर आणि एकदा वर बसून. दोन्ही मापे सारखी येतात का, ते मला कळव.

तुझा,
काका