कानगोष्टी : आवाज येतो, शब्द कळत नाहीत

मागच्या अंकात कानाबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, भरपूर आले, त्यातले चार इथे घेतेय. लांबलेली पत्रं थोडी कमी केलीयत आणि नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझे वडील 68 वर्षांचे आहेत, 35 वर्षं यंत्रमागावर काम केलं. गेली पाच-सहा वर्षं टीव्ही एवढ्या मोठ्या आवाजात लावतात की शेजारचे सांगायला येतात. आम्ही बोललो की म्हणतात तोंडातल्या तोंडात बोलू नका, आणि मोठ्यांदा बोललं की म्हणतात ओरडता कशाला, मी काय बहिरा आहे? भावाने ऑनलाइन दीड हजाराचं कानाचं मशीन मागवलं, दोन दिवस लावलं आणि कपाटात टाकलं, नुसती खरखर येते म्हणाले. आता लग्नाबारशाला यायचंही बंद केलंय.
— एक मुलगी, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी एक सांगते, तुमचे बाबा हट्टीपणा करत नाहीयेत, ते बोलतात तसंच त्यांना होतंय. मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मरतात, त्या परत उगवत नाहीत, आणि सगळ्यात आधी जातात त्या बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप). आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जाड असतात, ते त्यांना छान ऐकू येतात, पण स, श, त, फ ही व्यंजनं बारीक आणि हलकी, ती गळून जातात. मग सात, हात आणि भात सगळं एकच वाटतं. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, आणि माणसाला वाटतं समोरचाच पुटपुटतोय.

ओरडल्यावर त्रास होतो तोही खराच. असा कान हळू आवाज पकडत नाही पण मोठा आवाज मात्र त्याला एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो, मधली जागा खूप कमी उरलेली असते. म्हणूनच ते दीड हजाराचं मशीन चाललं नाही, कारण ते सगळंच सरसकट मोठं करतं, पंखा पण, भांडी पण, आधीच ऐकू येत असलेले जाड आवाज पण. चष्मा कसा नंबर काढून करतो, तसंच मशीन कानाच्या नंबरवर सेट करावं लागतं. तपासणीशिवाय मशीन घेऊ नका, भेट म्हणून तर अजिबात नको.

आता करायचं काय. आधी ईएनटी म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, ते कानात बघतील, कधीकधी मळाचा खडा बसलेला असतो किंवा पडद्याला भोक असतं, त्याचे उपाय वेगळे. मग ऑडिओमेट्री, आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक आवाज देतात, ऐकू आला की बटण दाबायचं, काही टोचत नाही दुखत नाही, अर्ध्या-पाऊण तासात होतं. जो कागद मिळतो त्याला ऑडिओग्राम म्हणतात, तो जपून ठेवा. तुम्हाला कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल जवळ पडेल, तिथे कानाचा विभाग आहे. खर्चाची अडचण असेल तर केंद्र सरकारच्या अॅडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मशीन मिळतं, त्याला 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि उत्पन्नाची अट असते. मुंबईला वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासून खास याच कामासाठी, तिथे तपासणीपासून मशीनपर्यंत सगळं होतं.

आणि मशीन बसवलं की काम झालं असं नाही हो, खरं काम तिथून सुरू होतं. इतकी वर्षं मेंदूने ते बारीक आवाज ऐकलेलेच नाहीत, त्यामुळे पहिले काही दिवस पिशवीची चुरचुर, नळाचं पाणी सगळं कर्कश वाटणार. पहिल्या आठवड्यात घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना तास-दोन तास लावू दे, मग वाढवा. थेट लग्नाच्या हॉलमध्ये नेऊ नका. महिना-दीड महिना द्या आणि त्यात एक-दोनदा सेटिंग बदलून आणायला जावंच लागतं, ते न करता मशीन कपाटात गेलेली किती घरं मी पाहिलीत! दोन्ही कान गेले असतील तर शक्यतो दोन्हीकडे लावा.

घरच्यांनी एवढं करा, दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलू नका, समोर येऊन, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोला. मिक्सर चालू असताना महत्त्वाचं सांगू नका. आणि कळलं नाही म्हणाले तर ‘जाऊ दे, काही नाही’ असं कृपा करून म्हणू नका, त्या एका वाक्याने माणूस घरात असून एकटा पडतो. लग्नाबारशाला येणं बंद झालंय ते यातूनच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2020 मध्ये विस्मरणाच्या आजाराची जी टाळता येण्यासारखी कारणं दिली त्यात कमी ऐकू येणं आहे, म्हणून वय झालं की चालायचंच असं म्हणून सोडू नका.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान एकदम बंद, आत शिट्टीसारखा आवाज. सर्दी नाही, दुखत नाही. मेडिकलवाल्याने मळाचे ड्रॉप दिलेत, फरक नाही. वय 34. अजून किती दिवस वाट बघू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा मेल वाचला त्याच दिवशी मी यांना उत्तर पाठवलं, अंकाची वाट बघितली नाही, कारण इथे वाट बघायचीच नसते. एका कानाचं ऐकू येणं अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर ती कानाची इमर्जन्सी आहे. आतल्या नसेचा प्रश्न असू शकतो, त्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन देतात, आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर कान परत येण्याची शक्यता जास्त, दोन आठवडे उलटले की ती कमी कमी होत जाते. ड्रॉप घालून बघू, सोमवारी बघू असं करता करता ते दिवस निघून जातात याचं मला फार वाईट वाटतं. घरी एक करून बघता येतं, तोंड मिटून हं‌ऽऽ असं गुणगुणा. आवाज बंद कानात जास्त घुमला तर बहुतेक मळ किंवा पाणी, चांगल्या कानाकडे गेला तर नस. पण हे फक्त अंदाजाला, काहीही आलं तरी त्याच दिवशी ईएनटीकडे जा आणि ऑडिओमेट्री करून घ्या. सोबत चक्कर असेल, तोंड वाकडं झालं असेल, हातपाय लुळे वाटत असतील तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

प्रश्न : सासूबाई बाळाच्या कानात रोज कोमट तेल घालतात, मी माझ्यासाठी बड्स वापरते. दोन्हीत चूक कोण?
— एक आई, परभणी

उत्तर : दोन्ही थांबवा. मळ हा कानाचा कचरा नाही, ते कानाचं संरक्षण आहे, तो आपोआप बाहेर सरकतो, बडने आपण तोच आत ढकलतो. तेलाने पावसाळ्यात बुरशी धरते, आणि पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं. सासूबाईंना दोष न देता पुढच्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांच्या तोंडून सांगा, ते जास्त पटेल. आणि तिथेच विचारा की बाळाची ऐकण्याची तपासणी झालीये का, ओएई म्हणतात तिला, झोपलेल्या बाळाची काही मिनिटांत होते. ऐकू येत नसेल तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेले मूल बोलायला शिकण्यात फार मागे पडत नाही, म्हणून वाट बघू नका.

प्रश्न : मी 19 वर्षांची, पुण्यात ढोल-ताशा पथकात आहे, ताशा वाजवते. प्रॅक्टिसनंतर रात्रभर कानात कुईं होतं, सकाळी जातं. कापूस घालते, चालेल ना?
— एक वादक

उत्तर : नाही गं, कापसाने जवळपास काहीच अडत नाही. ते कुईं म्हणजे कानाने दिलेली सूचना आहे. सकाळी बरं वाटलं तरी दरवेळी थोडं नुकसान मागे राहू शकतं. आवाज किती मोठा ते डेसिबलमध्ये मोजतात, 85 डेसिबलला दिवसाला आठ तास चालतात, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, 100 ला फक्त पंधरा मिनिटं, आणि ताशाच्या शेजारी आवाज त्याच्याही वर जातो. ताशा सोड असं मी म्हणणार नाही, त्यातला आनंद मला माहितीये. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट बाहेर राहिला तर उपयोग नाही. तालीम झाली की त्या दिवशी हेडफोन नको. पथकात सगळ्यांनीच घातले तर कुणाला लाजायला पण होणार नाही, तुमच्या प्रमुखांशी बोल. आणि सीझन सुरू व्हायच्या आधी एक ऑडिओग्राम काढून ठेव, विसर्जनानंतर परत काढ, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघ. 4000 हर्ट्झच्या जागी रेघ खाली घसरलेली दिसली तर दोन्ही कागद घेऊन ये.