जंताची गोळी देण्याआधी शी तपासून घ्या

ताई, तुमच्या चार वर्षांच्या कुत्र्याला पंधरा दिवस पातळ शी होतेय, तर मेडिकलमधून जंताची आणखी एक गोळी आणून देऊ नका. सकाळची ताजी शी डबीत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे तपासायला द्या. एकदा काही सापडलं नाही म्हणून जंत नाहीत असं समजू नका. अंडी रोज पडत नाहीत. जिआर्डिया (आतड्यातला अगदी सूक्ष्म परजीवी) तर तपासणीत हमखास निसटतो, म्हणून दोन-तीन दिवसांचे नमुने द्यावेत.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पट्टकृमीचे, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या जंताचे, तुकडे. तो बहुतेकदा पिसवांमुळे होतो. पिसवा घालवल्या नाहीत तर गोळीनंतरही परत येतो; माझ्या कुत्रीच्या बाबतीत हे कळायला मला वर्ष लागलं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा शी काळी झाली तर थांबूच नका, अंकुशकृमी (आतड्याला चिकटणारे जंत) रक्त पितात.

पावसाळ्यात गोदाकाठी फिरवताना डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. आणि आपल्या नाशकातली खास काळजी: द्राक्षं, बेदाणे अजिबात नकोत. त्यांनी उलट्या होतात, मूत्रपिंडही निकामी होऊ शकतं.

गोळीचा डोस कुत्र्याचं वजन करूनच ठरवा.