इटलीच्या दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतात एकच संध्याकाळ मोकळी आहे. समुद्रावर जावं की ऑलिव्हच्या जुन्या बागांत?

बागांत जा, आणि पुढच्या खेपेवर ढकलू नका. समुद्र राहील, झाडांचं सांगता येत नाही.

आम्ही दोघं एप्रिलमध्ये गेलो होतो. ओस्तुनीच्या टेकडीवरून खाली पाहिलं की थेट समुद्रापर्यंत ऑलिव्हच ऑलिव्ह. सहाच्या सुमारास खाली उतरलो, गाडी एका बांधाशी लावली आणि कच्च्या रस्त्याने चालत निघालो. लाल माती आणि चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले बांध. आमच्या कोकणातल्या गडग्यांची आठवण झाली.

खोडं पिळून ठेवलेल्या धुण्यासारखी. पुष्कळ झाडांचा गाभा कुजून गेलाय, त्यामुळे वय मोजायला वर्तुळंच उरलेली नाहीत. हजार, दोन हजार वर्षं म्हणतात ते अंदाजच. पण पाणी सालीलगतच्या लाकडातून वर चढतं, म्हणून पोकळ झाडही फळतं. एक झाड तर तीन पायांवर उभं होतं, बायको त्यातून आरपार गेली. वारा आला की पानांची रुपेरी बाजू वर येते आणि अख्खी बाग उजळते.

तिथे एक म्हातारे शेतकरी नांगरट आटोपून घरी निघाले होते. त्यांनी बांधाकडेची एक गवताची काडी उपटून दाखवली. तिच्यावर थुंकीसारखा फेस होता. बोटाने पुसला, तर आत एक इवलंसं पिवळट पिल्लू. हाच किडा मोठा झाला की झायलेला नावाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. जिवाणूमुळे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. पिल्लं मोठी व्हायच्या आत गवत मोडायचं, म्हणून ती नांगरट. २०१३ मध्ये पुलियातच दक्षिणेला गल्लीपोली गावाजवळ हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला आणि तेव्हापासून लाखो झाडं गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही लेच्चेकडे गेलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल राखाडी सांगाडे. बघवत नव्हतं. आता ओस्तुनीच्या पट्ट्यातही रोग पोचलाय. काही जण जुन्या खोडांवर लेच्चीनो या तग धरणाऱ्या जातीची कलमं बांधताहेत. ती जगोत, असं अगदी मनापासून वाटतं.

बागा खासगी आहेत, तेव्हा रस्ता सोडून आत शिरायचं तर विचारून शिरा, आणि आठवण म्हणून फांदी तोडून आणू नका. एप्रिलमध्ये साडेसातपर्यंत उजेड असतो. सूर्य टेकडीमागे जायला लागला की समुद्राकडे पाठ करून थांबा. तेव्हा उजेड पोकळ खोडांच्या आतून येतो.